साखळी कोणाच्या हाती?

कोल्हापुरात दिवस उजाडतो तो माणसांच्या वर्दळीनेच. गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचे पेले भरले जात असतात, तालमींतून शड्डूंचे आवाज उठत असतात आणि रंकाळ्याच्या काठाने निवृत्त शिक्षक, कचेरीतील कारकून, परीक्षेच्या तयारीतील विद्यार्थी आणि डॉक्टरांनी चालण्याची सक्ती केलेली प्रौढ मंडळी फेऱ्या घालीत असतात. या मेळाव्यात गेल्या काही वर्षांत आणखी एका घटकाची भर पडली आहे. पूर्वी एखाद्या बंगल्यात अल्सेशियन, एखाद्या वाड्यात पॉमेरेनियन असे. आता मध्यमवर्गीय सदनिकांतूनही लॅब्रेडोर, डॉबरमन, रॉटवायलर आणि बर्फाळ प्रदेशातील हस्कीदेखील नांदू लागले आहेत. दिवसभर दोन खोल्यांत कोंडलेले हे प्राणी पहाटे मालकासह बाहेर पडतात, आणि गर्दी थोडी विरळ झाली की मालक मोठ्या उदारपणे गळपट्ट्याची कडी सोडतो.

पुढे काय होते ते रोज फिरावयास जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सुटलेला कुत्रा आनंदाने उधळतो. समोरून एक आजी नातवाचा हात धरून येत असतात. त्यांच्यामागे कोणी एक तरुणी आपले लहानसे कुत्रे साखळीने धरून चालत असते. चहाच्या टपरीखाली त्या टापूची चार भटकी कुत्री अंग मुडपून पडलेली असतात. क्षणार्धात चारही उठतात, लहान कुत्रे साखळीला हिसका देऊन भुंकू लागते, नातू आजींच्या पदराआड शिरतो आणि पन्नास पावलांवरून मालकाची निश्चिंत आरोळी येते, ‘घाबरू नका हो, काही करत नाही तो!’

हे वाक्य वरवर निरुपद्रवी आहे. पण सार्वजनिक जागेवर कोणाचा किती हक्क आणि त्या हक्काची किंमत कोणी मोजावयाची, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

एका वाक्याचा अर्थ

‘काही करत नाही’ असे म्हणणारा मालक खोटे बोलत नसतो. घरात मुलांशी खेळणारा, पाहुण्यांचे पाय चाटणारा कुत्रा त्याने पाहिलेला असतो. परंतु ही माहिती मालकापाशी आहे. समोरून येणाऱ्या आजींपाशी ती नाही. जिच्या अंगावर तीस किलो वजनाचा प्राणी धावून येत आहे, तिने त्याच्या स्वभावाचे प्रमाणपत्र दुरून ऐकून धीर धरावा, ही अपेक्षाच गैर आहे. दुसरे असे, की कुत्र्याचा स्वभाव हा एकट्याचा गुण नव्हे. माणसांशी गरीब असलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी तसाच वागेल असे नाही. आणि तो वागला तरी समोरचा वागेलच याची हमी कोण देणार? भेट दोघांची असते, पण वचन एकाच्याच वतीने दिले जाते.

भीती बाळगणाऱ्यास भेकड ठरविणेही सोपे आहे, पण न्याय्य नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्राचे हात जवळजवळ टेकलेलेच असतात. अशा देशात कुत्रा धावत आला असता पाय थबकणे हा भित्रेपणा नसून व्यवहारज्ञान होय.

अर्थशास्त्रात या प्रकारास ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. एखाद्याच्या कृतीचा लाभ त्याच्या पदरात पडतो, परंतु खर्चाचा काही भाग व्यवहाराशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताच्या माथी येतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. कारखान्याचा धूर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. सुटा कुत्रा हेही त्याच जातीचे उदाहरण आहे. कुत्र्याच्या खाण्याचा, औषधांचा खर्च मालक मोजतो आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. परंतु फिरण्याची वेळ बदलणारे वृद्ध गृहस्थ, अर्ध्या वाटेवरून माघारी वळणारी विद्यार्थिनी, सायकलचा तोल सांभाळीत वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा यांनी मोजलेली किंमत कोणत्याच हिशेबवहीत चढत नाही. आणि ज्याच्या घरास अंगण नाही, ज्याला क्लबाचे सभासदत्व परवडत नाही, त्याच्या वाट्याला मोकळी हवा येते ती अशा सार्वजनिक जागीच. म्हणून तेथील बेशिस्तीचा भुर्दंड अल्प साधनांच्या माणसालाच अधिक पडतो.

कोंडवाड्याचे शहाणपण

हा पेच आपल्या समाजास नवा नाही. उभ्या पिकात ढोर शिरले तर काय करावयाचे, याचे उत्तर खेड्याने केव्हाच शोधले आहे. गावोगावचे कोंडवाडे त्याची साक्ष देतात. १८७१ च्या कायद्याने त्या व्यवस्थेस चौकटही लाभली. ढोर कोंडवाड्यात जाई आणि मालकाला दंड व वैरणीचा खर्च भरून ते सोडवून आणावे लागे. ‘माझी गाय गरीब आहे, ती काही खात नाही’ असे तेथे कोणी सांगत नसे, आणि सांगितले तरी कोणी ऐकत नसे. विशेष म्हणजे रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली सामाजिक खर्चाच्या प्रश्नावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातही शेजाऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुरांचेच उदाहरण घेतले आहे. हक्क कोणाचा आणि जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असेल, तर माणसे आपसांत तडजोड करू शकतात, हा त्याच्या विवेचनातील एक धागा. आपल्याकडील शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरे बसवितो आणि खताच्या बदल्यात त्याला मोबदला देतो, ती तडजोड याच प्रकारची होय.

धनगराच्या वाड्याबरोबर चालणारी कुत्रीही या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. त्यांच्या गळ्यात साखळी नसते. पण ती हाकेत असतात. मेंढरे रस्ता ओलांडीत असताना एखादे कुत्रे वाटसराकडे वळलेच, तर धनगराचा एक आवाज त्याला जागी थांबवितो. त्या प्राण्याला काम आहे, शिकवण आहे आणि धन्याचे लक्ष आहे. शहरातील हौशी मालकाने कुत्र्याची मोकळीक तेवढी उचलली. तिच्यामागची शिकवण मात्र घेतली नाही. हाक ही न दिसणारी साखळी आहे. ज्याची हाक कुत्रा ऐकत नाही, त्याला हातातील साखळी सोडण्याचा अधिकार पोहोचत नाही.

दोन कुत्र्यांची भेट

मराठी माणसाचा कुत्र्याशी संवाद तीन शब्दांत आटोपतो. बोलवायचे तर ‘यू यू’, हाकलायचे तर ‘हाड’ आणि अंगावर घालायचे तर ‘छू’. ‘शांत थांब’ यासाठी तसा मुरलेला शब्द आपल्यापाशी नाही, आणि बहुतेक अनर्थ नेमक्या त्या शब्दाच्या अभावी घडतात. म्हणून दोन कुत्री समोरासमोर येतात तेव्हा काय घडते, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे.

सुस्वभावी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत जात नाहीत. ती थोडे वळण घेऊन, बाजूने जवळ येतात, क्षणभर हुंगतात आणि आपापल्या वाटेला लागतात. मान ताठ, शेपूट उंच व स्थिर, नजर रोखलेली आणि अंग आखडलेले असेल तर ती भांडणाची पूर्वसूचना समजावी. नुसते शेपूट हलते म्हणून कुत्रा प्रसन्न आहे, ही समजूत अनेकांना महागात पडली आहे. शेपटीबरोबर सारे अंग सैल हलत असेल तरच तो निर्धास्त आहे असे मानावे. सर्वांत वाईट अवस्था असते ती साखळीत असलेल्या कुत्र्याकडे सुटा कुत्रा धावून येतो तेव्हा. बांधलेल्याला पळून जाण्याची सोय नसते. मालक घाबरून साखळी खेचतो, त्या ताणाने कुत्र्याची छाती व मान वर उचलली जाते आणि समोरच्याला ते आव्हान वाटते. अशा वेळी पळता न येणारा कुत्रा चावा घेण्याचा मार्ग पत्करतो. मग ‘तुमच्याच कुत्र्याने सुरुवात केली’ असा वाद मालकांत जुंपतो. वास्तविक सुरुवात कडी सोडणाऱ्या हाताने केलेली असते.

तेव्हा पहिला नियम सोपा आहे. समोर साखळीतील कुत्रे, लहान मूल, वृद्ध किंवा गुरेढोरे दिसताच आपला कुत्रा आधी हाकेने जवळ घ्यावा आणि कडी अडकवावी. हाक द्यावयाची ती कुत्र्याने धाव घेण्यापूर्वी. एकदा तो भरधाव सुटला की गळा फोडून ओरडण्याचा उपयोग होत नाही, उलट आरडाओरडा हे त्याला प्रोत्साहनच वाटते. हाकेसरशी परत येणे ही सवय घरात, मग गच्चीवर, मग निर्जन मैदानात, अशी पायरीपायरीने लावावी लागते आणि परत आल्यावर खाऊ व शाबासकी द्यावी लागते. उशिरा का होईना, परत आलेल्या कुत्र्याला फटका मारणारा मालक त्याला पुढच्या वेळी न येण्याचाच धडा देत असतो. दुसरा नियम विचारण्याचा. समोरच्या मालकाला ‘जवळ आणू का?’ असे विचारण्यास फारसे श्रम पडत नाहीत. नकार आला तर त्याचा राग मानू नये. समोरचा कुत्रा आजारी, म्हातारा वा भेदरलेला असू शकतो.

साखळी हाती असलेल्याने, सुटा कुत्रा येताना दिसल्यास, साखळी सैल ठेवून शक्य तितक्या लवकर बाजूने वळण घ्यावे आणि स्वतः दोघांच्या मध्ये राहून चालत राहावे. लहान कुत्र्याला घाईने वर उचलण्याचा मोह बहुतेकांना होतो; परंतु उचललेल्या वस्तूकडे उडी घेणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे, आणि मग चावा माणसाच्या हाताला बसतो. भांडण जुंपलेच तर दोन जबड्यांमध्ये हात घालण्याचे धाडस कोणीही करू नये. पाणी फेकावे, जाड कापड टाकावे, मध्ये छत्री उघडावी. दोन्ही मालक हजर असतील तर त्यांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागील पाय उचलून मागे ओढावे. कुत्रा नसलेल्या पादचाऱ्याने पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग होतो. नजरेला नजर न भिडविता, अंग थोडे तिरके करून, हात जवळ घेऊन उभे राहावे आणि मग सावकाश बाजूला व्हावे. दगड उचलण्याने एखादे कुत्रे पळते, पण टोळी बिथरते.

आणि दात लागलाच, मग तो कुत्रा पाळीव असो वा भटका, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही न भरता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयात ही लस विनामूल्य मिळते. तिच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घ्याव्या, आणि जखम खोल असेल तर जखमेभोवती टोचावयाचे प्रतिबंधक सीरम मिळाल्याची खात्री करून घ्यावी.

गल्लीचा रखवालदार

या साऱ्यात मालक नसलेल्या कुत्र्याचे काय, असा रास्त प्रश्न उपस्थित होईल. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली होती. भटके कुत्रे पूर्णपणे भटकत नाही. त्याची गल्ली ठरलेली असते, चौकातील सीमा ठरलेली असते आणि त्या सीमेत शिरणाऱ्या परक्या कुत्र्याला हुसकणे हे ते आपले कर्तव्य मानते. त्यामुळे पाळीव कुत्रा सुटा सोडून या टापूतून नेणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणे होय. पिले असलेली मादी, उकिरडा आणि खाणे घालण्याची जागा या तीन ठिकाणांना वळसा घालणे शहाणपणाचे. पिलांना लस दिलेली नसेल तर भांडणाशिवाय नुसत्या भेटीतूनही रोग पसरतात, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

भटक्या कुत्र्यांच्या संख्येची जबाबदारी मात्र केवळ त्यांच्यावर टाकता येत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या नगरीत रविवारच्या जेवणावळींनंतर हाडके कोठे पडतात, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन पाहावे. अन्न उघड्यावर असेल तेथे कुत्री जमणार, आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेली जातिवंत कुत्रीही अखेर त्याच कोपऱ्यावर येणार. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग घालून दिला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत आणि त्यांना रस्त्यावर वाटेल तेथे न भरविता ठरविलेल्या जागीच खाऊ घालावे, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलविण्याचे व तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले. हे सारे काम नगरपालिका-महापालिकांचे आहे आणि ते त्यांनी नेटाने करावयास हवे. परंतु ते पूर्ण होईपर्यंत मालकांनी आपली शिस्त स्थगित ठेवावी असा त्याचा अर्थ नव्हे. ज्याचा मालक माहीत आहे त्या कुत्र्याची जबाबदारी निश्चित करणे, हे यातील सर्वांत सोपे काम आहे.

कायदा आहे, शिस्त हवी

कायद्याची उणीव आहे असेही नाही. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जीवितास धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असता पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये तो कायम असून, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाने कुत्र्यांवर कर बसविण्याचा अधिकारही दिलेला आहे. उणीव आहे ती दंश घडण्यापूर्वीच्या व्यवस्थेची. जखम झाल्यानंतर धावणारा कायदा आजींची पहाटेची फेरी सुरक्षित करू शकत नाही.

जर्मनीत नगरपालिका कुत्र्यांवर कर आकारतात, आणि लोअर सॅक्सनी या तेथील राज्यात २०१३ पासून नव्या मालकास लेखी व प्रत्यक्ष अशी दुहेरी परीक्षा द्यावी लागते. वाहन चालविण्यापूर्वी परवाना लागतो त्यातलाच हा प्रकार. तेवढा कडकपणा आपल्याकडे लगेच यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी, गळ्यात क्रमांकाचा बिल्ला, दरवर्षी रेबीजची लस टोचल्याचा दाखला, गर्दीच्या वेळी सार्वजनिक जागी साखळीची सक्ती आणि तिच्या उल्लंघनास जागेवर दंड, एवढे तरी करणे कोणत्याही महापालिकेच्या आवाक्यातील आहे.

त्याचबरोबर मालकांच्या बाजूचेही ऐकून घेतले पाहिजे. कुत्र्याला धावण्याची गरज असते. दिवसरात्र बांधलेला कुत्रा चिडखोर बनतो आणि अधिक धोकादायक ठरतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. सदासर्वदा साखळी हे त्यावरील उत्तर नव्हे. शहराच्या निरनिराळ्या भागांत एखादा कुंपण घातलेला भूखंड नेमून द्यावा, तेथे ठराविक वेळी कुत्री मोकळी सोडता यावीत आणि त्याची देखभाल नोंदणीच्या शुल्कातून व्हावी. ज्यांना मोकळिकीचा लाभ हवा, त्यांनीच तिचा खर्च उचलावा, हे न्यायास धरून होईल. घरात पोमेरेनियनदेखील नसलेल्या कारकुनाच्या करातून ती सोय होण्याचे कारण नाही.

अशा सूचनांवर भूतदयेचा आक्षेप घेतला जातो. आपली परंपरा कुत्र्याला परकी मानीत नाही हे खरेच आहे. दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान दाखविलेले असतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घराघरांत सांगितली जाते. परंतु नामदेव तूप घेऊन धावले ते कुत्र्याची काळजी वाहण्यासाठी. त्याला लोकांच्या अंगावर सोडून दुरून आरोळी देण्यासाठी नव्हे. दयेत जबाबदारी अनुस्यूत असते. दुसऱ्याच्या जिवाचा थरकाप होत असता आपल्या प्राण्याच्या आनंदात रमणे ही दया नसून हौस आहे.

महाभारताच्या अखेरीस धर्मराजाच्या मागे हिमालयापर्यंत गेलेला श्वान सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच्या गळ्यात साखळी असल्याचे कोणी सांगत नाही. पण धन्याची वाट सोडून तो कोठे धावल्याचेही ऐकिवात नाही. शिवाय महाप्रस्थानाच्या त्या वाटेवर दुसरे कोणी चालत नव्हते. रंकाळ्याच्या वाटेवर सारे शहर चालत असते.